पात्रांचे गायरान : विज्ञानमालिकांच्या चाहत्यांचे प्रौढ शृंगारकथासंग्रह आणि औचित्यविचार

१

कलाकृतीतील पात्राला त्या कलाकृतीबाहेर काही जीवन असते काय, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या शोकात्मिकांतील व्यक्तींचा विचार त्या हाडामांसाच्या व्यक्ती असाव्यात अशा रीतीने केला. पुढे १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारून त्या पद्धतीवर आघात केला. पात्र शब्दांचे बनलेले असते. शब्दांपलीकडे त्याचा संसार शोधीत जाणे म्हणजे काव्य सोडून गप्पांत रमणे होय, असा नाइट्स यांच्या भूमिकेचा इत्यर्थ. विद्यापीठीय समीक्षेने ही भूमिका बव्हंशी मान्य केली. सामान्य वाचकाने मात्र ती कधीच मनावर घेतली नाही. आवडत्या पात्राचे पुढे काय झाले, ग्रंथकाराने न सांगितलेल्या रात्री काय घडले, हे प्रश्न तो विचारीतच राहिला.

हे प्रश्न केवळ विचारून न थांबता त्यांची उत्तरे कथारूपाने लिहिणाऱ्या, त्या कथांचे संग्रह स्वतःच संपादून छापणाऱ्या आणि आपसांत वाटणाऱ्या वाचकांचा एक संप्रदायच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व इंग्लंड या देशांत उदयास आला. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांची पात्रे हा त्यांचा विषय, आणि त्या पात्रांमधील प्रेम व शरीरसंबंध हा या संग्रहांपैकी बऱ्याच मोठ्या भागाचा आशय. आज अशा लेखनाला 'फॅनफिक्शन' या नावाने मराठी विद्यार्थीही ओळखतो. या लेखनावर सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात : ते उसन्या पात्रांवर जगते, म्हणून स्वतंत्र नव्हे, ते कामुक आहे, म्हणून वाङ्मयबाह्य होय, आणि ते हौशी आहे, म्हणून समीक्षेच्या कसाला उतरणारे नाही. यांपैकी पहिल्या दोन आक्षेपांना मराठी व संस्कृत परंपरेतच उत्तर आहे. तिसरा आक्षेप अंशतः खरा असून त्याचा निर्णय योग्य निकष हाती घेतल्यावाचून होणार नाही. तो निकष कोणता, हे ठरविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर जून १९६९ मध्ये बंद पडली. भारतातही १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवरून ती दाखविली गेली. 'एंटरप्राइझ' या अंतराळयानाचा कप्तान कर्क हा उत्साही व भावनाशील, तर त्याचा सहकारी स्पॉक हा मानवी माता आणि वल्कन ग्रहावरील पिता यांचा पुत्र. भावनांचे दमन हाच वल्कन समाजाचा आचारधर्म. या दोन स्वभावांचे सख्य हा मालिकेचा एक प्रमुख धागा होता.

मालिका चालू असतानाच, १९६७ मध्ये, 'स्पॉकानेलिया' हे तिच्या चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले. प्रौढ वाचकांसाठी म्हणून मुद्दाम काढलेले पहिले नियतकालिक 'ग्रप' हे १९७२ मधले. त्याचे नाव भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेते. मालिकेच्या 'मिरी' या १९६६ मधील भागात ज्या ग्रहावर केवळ मुलेच उरली आहेत, तेथील मुले मोठ्या माणसांना 'ग्रप' म्हणतात. 'ग्रोन-अप' या इंग्रजी शब्दाचा तो झिजलेला उच्चार आहे. प्रौढांसाठीच्या मजकुराची सूचना मालिकेतीलच एका शब्दाने द्यावी आणि ती जाणत्यालाच कळावी, अशी ही योजना. याच नियतकालिकाच्या १९७४ मधील तिसऱ्या अंकात कर्क व स्पॉक यांच्यातील प्रणयाची पहिली छापील कथा आली. तीत पात्रांची नावे घेतलेली नव्हती. पुढे चार वर्षांनी, १९७८ मध्ये, 'थ्रस्ट' हा केवळ याच जोडीवरील कथांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अशा संग्रहांची रीघ लागली.

हे संग्रह प्रथम चक्रमुद्रणाने आणि पुढे ऑफसेट पद्धतीने छापले जात. ते टपालाने अथवा चाहत्यांच्या संमेलनांत विकले जात. किंमत छपाईचा व टपालाचा खर्च भरून निघावा एवढीच ठेवण्याचा संकेत होता, आणि लेखिकेला मोबदला म्हणून बहुधा संग्रहाची एक प्रत मिळे. येथे 'लेखिका' हा शब्द हेतुपूर्वक योजला आहे. कारण हे लेखन करणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती. पुष्कळजणी टोपणनावाने लिहीत. मागणी करणाऱ्याकडून तो सज्ञान असल्याचे लेखी निवेदन घेण्याचीही प्रथा होती.

समीक्षेच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे संग्रह हा प्रकार. मालिकेच्या 'अमॉक टाइम' या १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखविलेल्या भागात वल्कन पुरुषाला ठराविक काळाने येणाऱ्या अनिवार कामावेगाचे कथानक आहे. स्पॉकला विवाहविधीसाठी आपल्या ग्रहावर परतावे लागते. तेथे त्याला कर्कशीच द्वंद्व करावे लागते. आणि आपल्या हातून मेला असे वाटलेला मित्र जिवंत दिसताच त्याचा संयम क्षणभर सुटतो. मूळ कथा येथे थांबते. परतीचा मार्गच नसता तर काय झाले असते, हा प्रश्न ती विचारीत नाही. संग्रहांतील अनेक कथा याच प्रश्नातून जन्मल्या. एकाच संग्रहात एकाच रिकाम्या जागेची निरनिराळ्या लेखिकांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी येतात. कोणी त्या प्रसंगातून करुण काढते, कोणी विनोद, कोणी केवळ संकोच. वाचणारणीचे लक्ष 'काय घडले' यापेक्षा 'या दोघांच्या बाबतीत हे असे घडू शकेल काय' याकडे लागते. सुटी कथा ही तुलना घडवू शकत नाही. संग्रह ती घडवितो.

३

स्वातंत्र्याच्या आक्षेपाचा विचार करताना हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात योजिलेल्या रूपकाकडे पाहावे लागते. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांच्यापासून घेतलेल्या या रूपकानुसार चाहता हा परक्याच्या राखीव रानात शिरून शिकार करणारा वाचक आहे. रूपक चाहत्यांच्या बाजूचे असले, तरी त्याने रान मालकाचे आहे हे गृहीतच धरले. ज्या समाजात कथा ही चित्रपटसंस्थेची किंवा वाहिनीची मालमत्ता आहे, तेथे ते स्वाभाविक होय. 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेच्या निर्मात्यांनी १९८१ मध्ये प्रौढ कथा छापणाऱ्या चाहत्यांना ताकीद दिली, ती याच मालकीच्या बळावर.

मराठी परंपरेतील कथेला या रूपकापेक्षा गायरानाचे रूपक अधिक शोभते. गायरान कोणा एकाचे नसते. तेथे चरण्यास मालकाची अनुज्ञा लागत नाही. परंतु ते बेवारसही नसते. कोणी, केव्हा, किती चारावे याचे गावाचे निर्बंध असतात आणि ते मोडणाऱ्याला गाव जाब विचारते. रुक्मिणीच्या स्वयंवराची कथा हे मराठी कवींचे असे गायरान आहे. भागवताच्या दशम स्कंधातील थोडक्या अध्यायांवर तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राने आपले 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. महदंबेने याच कथेवर धवळे गाइले. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीक्षेत्री आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. यांपैकी कोणाही कवीला कथा उसनी घेतल्याबद्दल कोणी दोष दिला नाही. राजा रामदेवराव यादवाने नरेंद्राचे काव्य धन देऊन आपल्या नावावर करू पाहिले आणि कवीने ते नाकारले, अशी महानुभाव परंपरा सांगते. कथा सर्वांची, परंतु तिची विशिष्ट रचना कवीची आणि ती विक्रीची नव्हे, हा भेद त्या आख्यायिकेत स्पष्ट आहे. चाहत्यांच्या संग्रहांचा अलिखित आचारही थेट हाच होता.

या संदर्भात जालना जिल्ह्यातील अभ्यासकाला दूर जावयास नको. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे प्रसिद्ध स्थान आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचा काठ ही 'लीळाचरित्रा'ची भूमी आहे. पंथाने आपले ग्रंथ हाताने नकलून, पुढे सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवून, आपल्या मंडळीतच राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडीपर्यंत बाहेरच्या वाचकाला त्यांचे दर्शन दुर्लभ होते. मर्यादित मंडळीत फिरणारे, आतल्या माणसालाच पूर्ण कळणारे, आणि एका पूर्वकथेभोवती वाढणारे वाङ्मय ही वस्तू मराठीला अशी परिचयाची आहे.

साम्याची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. पंथाला श्रीकृष्ण हा परमेश्वरावतार आहे आणि ग्रंथाचे गोपन हे पावित्र्यरक्षणासाठी आहे. चाहत्यांना स्पॉक पूज्य नाही आणि त्यांचे गोपन कायद्याच्या व लोकापवादाच्या भयापोटी होते. तुलना श्रद्धेची नसून ग्रंथव्यवहाराची आणि मूल्यनिर्णयाच्या पद्धतीची आहे.

४

कामुकतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचा ऊहापोह संस्कृत साहित्यशास्त्राने कालिदासाच्या निमित्ताने केला. 'कुमारसंभवा'च्या आठव्या सर्गातील शिवपार्वतींच्या विलासाचे वर्णन मम्मटाला मातापित्यांच्या शृंगारवर्णनासारखे अनुचित वाटले. त्याच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने अधिक सूक्ष्म भूमिका घेतली होती : उत्तम देवतांचा संभोगशृंगार वर्णिणे अनुचित खरे, परंतु महाकवीच्या शक्तीने तो दोष झाकला जातो. रसभंगाचे मूळ त्याने अनौचित्यात पाहिले. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने या औचित्याचाच स्वतंत्र विचार केला आणि पद, वाक्य, अलंकार अशा काव्याच्या अनेक अंगांना तो लावून दाखविला. या चर्चेत शृंगार लिहावा की लिहू नये, असा प्रश्नच नाही. कोणाचा, कोणत्या प्रसंगी, कोणत्या शब्दांत, हा प्रश्न आहे.

मराठीत या वादाचे एक विलक्षण उदाहरण चौदाव्या शतकाच्या आरंभी घडले. भास्करभट्ट बोरीकराने 'शिशुपालवध' पूर्ण करून ज्येष्ठ गुरुबंधूस दाखविला, तेव्हा ग्रंथ उत्तम उतरला आहे, परंतु तो शृंगारप्रधान असल्याने निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाला, असे परंपरा सांगते. त्यानंतर कवीने 'उद्धवगीता' लिहिली. येथवरची कथा पाठ्यपुस्तकांत नेहमी येते. तिचा पुढचा भाग तितकासा ध्यानात घेतला जात नाही. पंथाने पुढे जे सात ग्रंथ प्रमुख म्हणून निवडले, त्या 'साती ग्रंथां'त 'उद्धवगीते'बरोबर 'शिशुपालवध'ही आहे आणि नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर'ही आहे. म्हणजे आक्षेप नोंदविला गेला, आक्षेपाची आठवण जपली गेली, आणि आक्षेपार्ह मानलेला ग्रंथही जपला गेला. संग्राहक समाज स्वतःशीच वाद करीत आपला संग्रह घडवितो, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

आधुनिक काळात हाच प्रश्न न्यायालयात गेला. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्याबद्दल त्यांना उच्च न्यायालयाने दोषी धरले; सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय फिरविला. सुटे उतारे वेगळे काढून पाहू नयेत, कृती समग्र पाहावी, हे तत्त्व त्या निकालात महत्त्वाचे ठरले. चाहत्यांच्या संग्रहांवर लिहिताना अनेक टीकाकारांनी नेमका सुटा उतारा उचलला. जोआना रस या लेखिकेने १९८५ मध्ये या कथांचे जे विवरण केले, त्याचे मोल समग्र वाचनात आहे. या कथांत देहवर्णनापेक्षा दीर्घ प्रतीक्षा, परस्परांची काळजी, संकोच आणि विश्वास यांनाच अधिक जागा असते, असे रस यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया लॅम्ब आणि डायना वीथ यांनी समान दर्जाच्या दोन व्यक्तींमधील प्रेमाची कल्पना हा या लेखनाचा गाभा मानला. तत्कालीन प्रणयकथांतील नायिकेला असे समत्व क्वचितच मिळे. हे ध्यानात घेतले म्हणजे स्त्रियांनी दोन पुरुषपात्रांवर लिहावे, याचे आश्चर्य उरत नाही.

५

औचित्याचा निकष या लेखनाला बाहेरून लावावा लागत नाही. तो त्याच्या वाचकांपाशी आधीच आहे. 'हा स्पॉक वाटत नाही' एवढे म्हटले की त्यांच्या मंडळीत कथा पडते. ही कसोटी भाषिक स्वरूपाची आहे. मराठी ज्याची मातृभाषा आहे तो व्याकरण न शिकताही चुकीचे वाक्य ओळखतो. तो नियम सांगू शकणार नाही, परंतु 'असे कोणी म्हणत नाही' हे निश्चयाने सांगेल. मालिकेच्या ७९ भागांवरून चाहत्यांच्या मनात पात्राचे असेच एक व्याकरण तयार होते. प्रत्येक नवी कथा ही त्या व्याकरणाने घडविलेली नवी उक्ती असते. मूळ मालिकेत न घडलेली गोष्ट कथेत घडणे म्हणजे व्याकरणभंग नव्हे. पूर्वी कोणी न उच्चारलेले वाक्यही शुद्ध असू शकते.

या मंडळीने खुणांचीही भाषा घडविली. दोन पात्रांच्या आद्याक्षरांमध्ये तिरपी रेघ आली, 'के/एस' असे लिहिले, की प्रणयकथा. त्या रेघेऐवजी 'आणि'चे चिन्ह आले की केवळ सख्याची कथा. पुढे त्या तिरप्या रेघेच्या 'स्लॅश' या नावानेच सबंध वाङ्मयप्रकार ओळखला जाऊ लागला. विरामचिन्हाने वाङ्मयप्रकाराला नाव दिल्याचे असे उदाहरण विरळा. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९७९ मधील आपल्या कादंबरीच्या एका तळटीपेत वल्कन भाषेतील एक शब्द दिला. मित्र, बंधू आणि प्रियकर हे तिन्ही अर्थ त्यात सामावले आहेत. चाहत्यांनी तो तत्काळ आपलासा केला. एका संदिग्ध शब्दाने किती कथांना आश्रय दिला, हे पाहिले म्हणजे श्लेषाचे सामर्थ्य नव्याने पटते.

मराठीत ही कसोटी आणखी काटेकोर होईल. १९७४ मधील त्या पहिल्या कथेने पात्रांची ओळख झाकून ठेवली. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्याने हे बरेच सुकर आहे. मराठीत 'उठला' किंवा 'उठली' म्हणताच पडदा सरतो. प्रथमपुरुषी निवेदनातही 'मी उठलो', 'मी उठले' हा भेद टळत नाही. 'मी दार उघडले' यासारख्या, कर्माशी जुळणाऱ्या प्रयोगांतच निवेदकाचे लिंग झाकलेले राहते. उलट, मराठीपाशी जे आहे ते इंग्रजीपाशी नाही. मालिकेत स्पॉक बहुधा 'कॅप्टन' म्हणतो, क्वचितच 'जिम'. आणि कथालेखिका तो क्वचित येणारा 'जिम' कोठे घालावा यासाठी पाने खर्चितात. मराठी लेखिकेला 'आपण', 'तुम्ही' आणि 'तू' अशा तीन पायऱ्या उपलब्ध आहेत. 'आपण विश्रांती घ्यावी' म्हणणारा सहकारी ज्या वाक्यात 'तू झोप आता' म्हणेल, ते वाक्य कथेतील कोणत्याही देहवर्णनापेक्षा अधिक प्रौढ ठरेल. ते एक वाक्य चुकीच्या जागी पडले तर पुढचा सारा शृंगार अनुचित होईल.

६

या निकषावर संग्रहांतील पुष्कळ कथा उतरत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एका पात्राला जखमी करावयाचे आणि दुसऱ्याने त्याची शुश्रूषा करावयाची, हा साचा इतक्यांदा येतो की करुणाची जागा सवय घेते. अनिवार कामावेगाचे कथानक काही कथांत संमतीचा प्रश्न टाळण्याची सबब बनते. जेथे पात्राला 'नाही' म्हणण्याचा अवकाशच राहत नाही, तेथे समत्वाचा दावा कोसळतो. हा दोष नीतीचा तसाच रचनेचाही आहे. आणखी एक दोष चाहत्यांनीच प्रथम ओळखला. सर्वगुणसंपन्न तरुण नायिकेच्या रूपाने लेखिकेनेच कथेत शिरावे आणि यानातील सर्वांनी तिच्यावर लुब्ध व्हावे, या प्रकाराचे विडंबन १९७३ मध्येच एका चाहत्या लेखिकेने केले. त्या विडंबनातील 'मेरी स्यू' हे नाव आज समीक्षेची संज्ञा म्हणून रूढ आहे. जी मंडळी आपल्या दोषांना नावे देते, तिला समीक्षादृष्टी नाही असे म्हणता येणार नाही.

तथापि निवडक कथांचे यश याच मापाने मोजता येते. त्या कथांनंतर मूळ भाग पुन्हा पाहिला असता त्यातील एखादे मौन, एखादा अर्धवट हावभाव अर्थपूर्ण वाटू लागतो. नरेंद्राच्या काव्यातील रुक्मिणीचा विरह वाचल्यानंतर भागवतातील तिचा निरोप अधिक आर्त वाटतो, तसेच हे आहे. मूळ कृतीला मागे जाऊन समृद्ध करणारे अनुलेखन हे परपुष्ट ठरत नाही.

७

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे आज दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. पहिला साधनांचा. जुने संग्रह अल्पसंख्य प्रतींत निघाले. आता आयोवा विद्यापीठासारख्या काही ग्रंथालयांनी ते जतन केले आहेत. नवे लेखन २००९ मध्ये चाहत्यांनीच उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहात एकवटले असून २०१९ मध्ये त्याला विज्ञानसाहित्याचा 'ह्यूगो' पुरस्कारही मिळाला. दुसरा प्रश्न विवेकाचा. टोपणनावाने, मोजक्या मैत्रिणींसाठी लिहिलेली कथा कोणीही उघडू शकेल अशा ठिकाणी ठेवताना लेखिकेची अनुज्ञा हवी की नको? सकळा लिपी उलगडली तेव्हा मराठी वाङ्मयाचा अमोल लाभ झाला; परंतु ती लिपी ज्यांनी योजिली त्यांना सहा शतकांनंतर विचारणे शक्य नव्हते. या लेखिकांपैकी अनेकजणी हयात आहेत आणि त्यांना विचारणे शक्य आहे. म्हणून संशोधकाने टोपणनावामागील व्यक्ती उघड करू नये आणि उतारा घेण्यापूर्वी शक्य तेथे संमती घ्यावी, हे इष्ट होय.

मराठी विभागांतून या वाङ्मयाचे अध्ययन झाल्यास त्याचा लाभ दुहेरी होईल. परकीय समीक्षेने मालकी आणि चौर्य यांच्या भाषेत मांडलेला प्रश्न औचित्याच्या भाषेत अधिक नेमका मांडता येतो, हे दिसून येईल. आणि नरेंद्र, भास्करभट्ट व महदंबा यांच्या शृंगाराविषयी लिहिताना मराठी समीक्षा जी क्षमायाचनेची भाषा अनेकदा वापरते, तिची गरज उरणार नाही. जालना-अंबडकडच्या ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण होते आणि ज्याच्या भ्रमणध्वनीवर कर्क-स्पॉकच्या कथाही उघडतात, त्याने दोहोंना एकच प्रश्न विचारावा : ही व्यक्ती, या प्रसंगी, असे बोलेल काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याला दोन्ही ठिकाणी संहिता सारख्याच काळजीने वाचावी लागेल.